एसटीत बसून मासा मोठा होत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकांच्या पत्रांमध्ये एका गृहस्थांचं पत्र छापून आलं होतं. मोबाइलवरचे प्राणी पकडायचे खेळ म्हणजे मटक्याचीच नवी आवृत्ती, दुर्मीळ प्राणी पैसे मोजून मिळतात आणि पैसे मोजूनच मोठे होतात, असा त्यांचा सूर होता. पत्र दोनदा वाचलं. त्यांचं निम्मं बरोबर आहे. उरलेल्या निम्म्यासाठी हे लिहिते.

मी एसटीत वाहक आहे. मुलगा आठवीत शिकतो आणि माझ्या जुन्या, काच तडकलेल्या फोनवर ‘पोकेमॉन गो’ खेळतो. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. कळायला लागलं ते एका माशामुळे.

त्या माशाचं नाव फीबास. दिसायला अगदीच दरिद्री. तपकिरी, कडा फाटलेल्या, कुणी फुकट दिला तरी घेणार नाही असा. पण हाच पुढे मायलोटिक होतो आणि मायलोटिक म्हणजे या सगळ्या गोतावळ्यातली राणी समजली जाते. त्यासाठी दोन गोष्टी लागतात. शंभर कँडी (प्राणी पकडला की खेळात मिळणाऱ्या गोळ्या), आणि फीबासला सोबती करून वीस किलोमीटर चालणं. कँडी पोराने साठवल्या होत्या. वीस किलोमीटर म्हटल्यावर त्याने माझ्याकडे पाहिलं. आई दिवसभर सांगली-मिरज करते, तिच्या पिशवीत फोन टाकला की काम झालं, असा हिशेब!

मी फोन पिशवीत टाकला. ड्युटीवर असताना बघायचा प्रश्नच नव्हता. संध्याकाळी घरी आले तर पोराचं तोंड उतरलेलं. दिवसभर फिरून किलोमीटरभरसुद्धा धड भरलं नव्हतं. विश्रामबागला गर्दीत बस रांगत होती तेवढंच काय ते मोजलं असणार. पळणाऱ्या माणसापेक्षा वेग वाढला की हा खेळ अंतर मोजायचं थांबवतो. मी म्हटलं, “अरे, एवढ्या फेऱ्या मारल्या की!” तर म्हणतो, “आई, बस चालली. तू कुठं चाललीस?”

मग निघालो दोघं. पहिल्या रविवारी सांगलीहून हरिपूर, कृष्णा-वारणेच्या संगमापर्यंत आणि परत. दुसऱ्या रविवारी आयर्विन पुलावरून सांगलवाडी. मधल्या दिवसांत तो क्लासला सायकल सोडून पायी जायचा. माझे गुडघे आधीच बोलतात, ते आणखी बोलायला लागले. तिसऱ्या रविवारी घाटावर बसून भडंग खाताना वीस भरले. त्याने हात पँटला पुसले, बटण दाबलं, पडदा पांढरा झाला आणि त्या फाटक्या माशातून एक लांबलचक, सायीच्या रंगाचं जनावर बाहेर आलं. शेपटी पंख्यासारखी पसरलेली, निळी-गुलाबी, एखाद्या नव्या लुगड्याचा पदर वाऱ्यावर सोडावा तशी. खोटं कशाला बोलू, मलाही दोन मिनिटं फोन खाली ठेववेना.

मग मी त्याच्या मागेच लागले, की हे असंच असतं का सगळ्यांचं? त्याने सांगितलं आणि मी पोळ्या लाटता लाटता ऐकलं. २००२ साली आलेल्या ‘रुबी’ आणि ‘सफायर’ या पोकेमॉनच्याच जुन्या खेळांत हा फीबास एका लांबलचक नदीत राहायचा, पण नदीच्या शेकडो चौकोनांपैकी फक्त सहा चौकोनांत गळाला लागायचा. सापडला तरी नुसतं लढवून मोठा व्हायचा नाही. त्याला खाऊ घालून घालून त्याचं सौंदर्य वाढवायला लागायचं. इन्के नावाचं एक माखलीसारखं पोरकट जनावर आहे. ते मोठं करायचं तर फोन उलटा धरायचा, डोकं खाली पाय वर. मी एकदा स्टँडवर पोराला फोन उलटा धरून बसलेला पाहिला होता आणि काच गेली ती गेली, आता आतलंही गेलं म्हणून त्याला झापलं होतं. ते शब्द इथे परत घेते.

माझ्यातल्या कंडक्टरला सगळ्यात आवडला तो मॅजिकार्प. नुसता उड्या मारणारा लाल मासा, लढाईत काडीचा उपयोग नाही. त्याचा ग्याराडोस होतो, अजगरासारखा अक्राळविक्राळ. जुन्या खेळांत विसाव्या पातळीला व्हायचा. फोनवरच्या खेळात त्याला चारशे कँडी लागतात. एक मासा पकडला की तीन कँडी, आणि तो खेळातल्या प्रोफेसरकडे कायमचा पाठवला की आणखी एक. म्हणजे माशामागे चार, शंभर मासे पकडले की झालं, असं पोराचं गणित. मी म्हटलं, पुन्हा मोज. ज्याला मोठा करायचा तो तर प्रोफेसरला द्यायचा नाही ना? मग नव्व्याण्णवच गेले. तीनशे नव्व्याण्णव. एका कँडीसाठी एकशे एकावा मासा धरावा लागणार. पिशवीत एक रुपया कमी भरला तर आम्हाला तो कुठे गेला ते शोधावं लागतं, त्यामुळे ही सवय. (एवढ्या माशांचं तो प्रोफेसर करतो तरी काय, हे मात्र मला अजून कुणी सांगितलेलं नाही.)

आता त्या गृहस्थांचं जे निम्मं बरोबर आहे त्याबद्दल. या खेळात अंडी असतात. काय काय निघू शकतं याची यादी दिसते, पण आपल्या अंड्यात काय आहे ते फुटल्यावरच कळतं. अंडं उबवायचं एक यंत्र फुकट, जादा हवी असतील तर कॉइन लागतात आणि कॉइन पैशाने मिळतात. जिममध्ये, म्हणजे खेळातल्या आखाड्यात, आपला प्राणी राखणीला बसवून कॉइन कमावता येतात, पण दिवसाला पन्नासच. ज्या पोराला दम नाही तो बापाच्या फोनवरून पैसे भरतो. याला कुणी लॉटरी म्हटलं तर मी भांडणार नाही. तसंच शायनीचं. शायनी म्हणजे तोच प्राणी, फक्त वेगळ्या रंगाचा. १९९९ साली ‘गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’मध्ये शायनी आले तेव्हा ८१९२ मध्ये एक असं प्रमाण होतं, २०१३ पासून मूळ खेळांत ते ४०९६ मध्ये एक झालं. मी रोज पाचशे तिकिटं काढली तर जुन्या हिशेबाने सोळा-सतरा दिवसांत एखादं रंगीत तिकीट निघायचं. तेही नशीब असेल तर. नसेल तर महिनाभर नुसती पांढरीच.

पण पैसे घेणारे फक्त खेळातच नाहीत, साहेब. ते बाहेर आहेत, आणि त्यांच्याबद्दल त्या पत्रात अवाक्षर नव्हतं.

मागच्या दिवाळीत माझ्या पोराने भाऊबीजेचे आणि आजीने दिलेले मिळून पंधराशे रुपये साठवले होते. ओळखीतून ओळख निघालेल्या एका मुलाकडून त्याने ‘रेडी आयडी’ घेतला. म्हणजे दुसऱ्या कुणीतरी खेळून भरलेलं अख्खं खातं, नाव आणि पासवर्डसकट. त्यात लाल ग्याराडोस होता. साधा ग्याराडोस निळा असतो, लाल म्हणजे शायनी, पोरांच्या जगात त्याचा भाव विचारू नका. चार दिवस पोरगा हवेत. पाचव्या दिवशी पासवर्ड चालेना. विकणाऱ्याने नंबर ब्लॉक केला. नंतर एका जाणत्या मुलाने समजावलं तेव्हा कळलं, खातं मूळ मालकाच्या ईमेलला बांधलेलं असतं. त्याने ‘पासवर्ड विसरलो’ म्हटलं की खातं परत त्याच्या खिशात. तोच आयडी तो पुन्हा तिसऱ्याला विकतो. शिवाय खाती विकणं-घेणं खेळाच्या नियमातच बसत नाही, त्यामुळे खेळवाल्यांकडे दाद मागायची सोय नाही. फोनला खोटं ठिकाण दाखवून घरबसल्या परदेशात फिरणारेही असतात. ते पकडले गेले की पहिल्या इशाऱ्याला साधारण सात दिवस दुर्मीळ प्राणी दिसेनासे होतात, दुसऱ्याला महिनाभर खातं बंद, तिसऱ्याला कायमचं. असं खातं विकत घेतलं तर आधीच्याचं पाप आपल्या माथी.

पंधराशे रुपयांसाठी चौकीत काय जायचं, म्हणून मी गप्प बसले. १९३० या नंबरवर ऑनलाइन फसवणुकीची तक्रार करता येते हे मला फार उशिरा कळलं. आपण ते ठळक छापलंत तर बरं होईल. माझ्यासारख्या गप्प बसलेल्या आया या शहरात आणखी असतील.

पोरगा दोन दिवस जेवला नाही नीट. मी रागावले नाही, कारण रागावण्याआधी मला एक आठवलं. माझं माहेर बत्तीस शिराळा. नागपंचमीच्या आधी आमचे वडील माणसं घेऊन शिवारात जायचे, बिळं बघायचे, नाग धरायचे. मडक्यात ठेवलेला नाग रात्री फुत्कारायचा आणि आम्ही पोरं गोधडीत घुसायचो. सण झाला की ज्या बांधावर धरला त्याच बांधावर सोडायचा, हा नियम. वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२चाच होता, पुढे कोर्टाने लक्ष घातलं आणि ते धरणं थांबलं. थांबलं ते योग्यच, जनावराचे हाल व्हायचेच. पण नाग विकत आणून मिरवणुकीत बसवला असता तर आमच्या वडिलांनी त्या माणसाला दारात उभं केलं नसतं. खेळातही एक साप आहे, एकन्स. इंग्रजीतला ‘स्नेक’ उलटा वाचला की एकन्स. मोठा झाला की आरबोक, उलटा वाचा, कोब्रा. फणा काढलेला. पोराने हे मला दाखवलं तेव्हा वडील असते तर, असं वाटून गेलं.

दुर्मीळ प्राणी मिळवायचा आणखी एक रस्ता आहे, आणि तो पैशाने मुळीच होत नाही. हा सगळा कारभार सुरू केला तो सातोशी ताजिरी या जपानी गृहस्थांनी. लहानपणी किडे गोळा करायचा नाद. पहिले दोन खेळ, ‘रेड’ आणि ‘ग्रीन’, १९९६च्या फेब्रुवारीत आले तेव्हा काही प्राणी एकात आणि काही दुसऱ्यात असे वाटून ठेवले होते. एकट्याने सगळे जमवणं अशक्य, केबल जोडून दुसऱ्याशी अदलाबदल करायलाच हवी. आणि चार प्राणी तर असे, की अदलाबदल झाल्याशिवाय शेवटच्या रूपाला पोचायचेच नाहीत. त्यातला एक हाँटर, भुतासारखा. त्याचा गेंगार होतो. फोनवर त्याला शंभर कँडी लागतात, पण अदलाबदलीतून आलेला असेल तर एकही लागत नाही. फक्त दोघं सहसा शंभर मीटरच्या आत हवेत, आणि एकदा दिलेला प्राणी पुन्हा अदलाबदलीत फिरत नाही.

माझ्या पोराचा हाँटर हा त्याने पकडलेला पहिला. माधवनगरचा त्याचा मित्र, त्याच्याकडेही एक. दोघांनी बदलले तर दोघांचेही गेंगार होणार, एक पैसा न लागता. पण आपला तिकडे जाणार तो कायमचा. दोन दिवस पोराने काढले. एका रात्री मला उठवून विचारलं, “त्यानं नीट नाही ठेवला तर?” मी म्हटलं, त्यालाही तुझ्याबद्दल हेच वाटत असेल. शेवटी दोघं आमच्या जिन्यात बसले. “तू आधी”, “नाही तू आधी” करत बराच वेळ गेला आणि मग एकदम झालं. मित्राच्या आईने डब्यात शेंगोळे पाठवले होते, ते मी त्यांच्यासमोर ठेवले आणि आत गेले. आता माधवनगरात एक गेंगार आहे जो आधी आमच्या घरचा हाँटर होता. पोरगा अधूनमधून त्याची खुशाली विचारतो.

तेव्हा संपादक महाशय, त्या गृहस्थांना माझा निरोप द्या. फोन काढून घेण्याआधी पोराला एवढंच विचारा, हा तुला मिळाला कसा? चालून, बदलून, वाट बघून, की कुणाला पैसे देऊन? माझ्या पोराने पंधराशे रुपये गेले त्या दिवशी याचं उत्तर द्यायला तासभर लावला होता. आणि या रेडी आयडीच्या धंद्यावर आपल्या बातमीदाराने एकदा लिहावं. शाळांच्या बाहेर उभं राहिलं तरी पुरे, माहिती देणारी पोरं आपणहून येतील.

आमच्या घरचा सध्याचा नियम असा. पावसात या खेळात पाण्यातले प्राणी जास्त निघतात, म्हणून पोरगा पाऊस लागला की घाटाकडे धावायला बघतो. आयर्विनपाशी पाणी चाळीस फुटांच्या इशारा पातळीकडे सरकतंय असं कानावर आलं की घाट बंद, मग ग्याराडोस गेला खड्ड्यात. बाकी दिवशी मी ड्युटीवरून आले की आमराईपर्यंत एक चक्कर. मॅजिकार्पच्या कँडी कालपर्यंत दोनशे सत्तर झाल्यात. होणार तो निळाच होणार, हे त्याला ठाऊक आहे.

पहाटे साडेपाचची गाडी आहे, थांबते. नाव छापू नये ही विनंती, डेपोत चिडवतील.

आपली नम्र,
एक एसटी वाहक, सांगली