रडण्याचे कारण विचारण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

समोर कोणतेही मोठे दुःख नसताना डोळ्यांत वारंवार पाणी येणे, या विषयावर वृत्तपत्रांतून फारसे लिहिले जात नाही. नैराश्यावर लेख येतात, ताणतणावांवर तर रोजच काही ना काही छापून येते. पण धड आजार म्हणता येत नाही आणि सोडूनही देता येत नाही अशी ही मधली अवस्था बहुतेक जण लपवून काढतात. मी स्वतः गेल्या वर्षी जवळजवळ चार महिने ती लपवली, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझे वय ५८ आहे आणि आयुष्यभर मी हिशेब तपासण्याचे काम केले. गेल्या वर्षी पाच महिन्यांच्या आत तीन गोष्टी घडल्या. मी निवृत्त झालो, मुलगी नोकरीसाठी दूरच्या शहरात गेली आणि दोघांपुरते लहान घर घेऊन आम्ही जुने घर सोडले. तिन्ही गोष्टी आमच्या इच्छेने झाल्या. कोणी गेले नाही, कोणी अंथरुणाला खिळले नाही, पैशांची ओढाताणही नव्हती. तरीही नव्या घरात आल्यानंतर साधारण तिसऱ्या आठवड्यापासून भांडी लावताना, दात घासताना, रस्त्यात सिग्नलला थांबलेलो असताना माझे डोळे भरून येऊ लागले. आधी वाईट वाटावे आणि मग रडू यावे, असा क्रमही नसे. आधी पाणी येई आणि मागाहून मी स्वतःला विचारी, की आता काय झाले?

एकदा बँकेत पत्ता बदलण्याचा अर्ज भरत होतो. 'सध्याचा पत्ता' या रकान्यात सवयीने जुनाच पत्ता लिहून गेलो. तो खोडला, नवा लिहायला घेतला, तर पिनकोडचे शेवटचे दोन आकडे काही केल्या आठवेनात. तेवढ्यावरून डोळे वाहू लागले, थेंब कागदावर पडला आणि शाई पसरली. काउंटरपलीकडच्या बाईंनी ते पाहिले. त्यांनी काहीही विचारले नाही. एक कोरा अर्ज माझ्यापुढे सरकवला, बाजूच्या खुर्चीकडे हात केला आणि "सावकाश भरा, घाई नाही," एवढे बोलून त्या पुढच्या माणसाच्या कामाला लागल्या. त्या चार महिन्यांत मला मिळालेली सर्वांत नेमकी मदत तीच होती. पण ती नेमकी का ठरली, हे कळायला मला पुढे बरेच वाचावे लागले.

अशा रडण्याला आपण 'विनाकारण रडणे' म्हणतो. माझे म्हणणे असे आहे, की हा शब्दच माणसाची वाट चुकवतो. कारण असते, पण ते रडण्याच्या क्षणी समोर नसते. ते मागच्या अनेक आठवड्यांवर थोडे थोडे पसरलेले असते. ज्या तारखेला नोंद व्हायला हवी होती त्या तारखेला ती झाली नाही, म्हणून कधीतरी भलत्याच पानावर ती करावी लागते, असा प्रकार माझ्या कामात मी अनेकदा पाहिला आहे. त्या पानावर कितीही शोधले तरी मूळ व्यवहार तिथे सापडत नाही.

१९६७ साली थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या अमेरिकेतील दोन मनोविकारतज्ज्ञांनी आयुष्यातील ४३ घटनांची एक श्रेणी प्रसिद्ध केली. लग्नाला एक ठरावीक माप देऊन, त्याच्या तुलनेत इतर घटनांशी जुळवून घ्यायला किती कष्ट पडतात, हे त्यांनी लोकांनाच विचारले होते. त्या श्रेणीत जोडीदाराच्या मृत्यूला १०० गुण आहेत, घटस्फोटाला ७३, लग्नाला ५०, निवृत्तीला ४५, मूल घर सोडून जाण्याला २९ आणि राहते घर बदलण्याला २०. विशेष म्हणजे, मोठे वैयक्तिक यश मिळण्यालाही त्यात २८ गुण आहेत आणि सुट्टीवर जाण्यालाही १३. माझ्या तीन 'चांगल्या' घटनांची बेरीज ९४ होते. दुःख असे बेरजेने मोजता येत नाही, हे मला समजते आणि या श्रेणीच्या मर्यादांवर अभ्यासकांनी पुढे बरेच लिहिलेही आहे. पण बदल आनंदाचा असला तरी त्याच्याशी जुळवून घ्यायला शक्ती खर्च होतेच, हे मला त्या आकड्यांनी पहिल्यांदा पटवले. जुन्या घरात रात्री उठलो की अंधारात डावा हात आपोआप दिव्याच्या बटणावर जाई. नव्या घरात बटण उजवीकडे आहे, आणि कित्येक रात्री मी कोऱ्या भिंतीवर हात फिरवत उभा राहिलो आहे. अशा शेकडो बारीक गोष्टी दिवसभर नव्याने शिकाव्या लागतात आणि त्यांतली एकही गोष्ट 'मला याचा त्रास होतो' असे कोणाला सांगण्याइतकी मोठी नसते.

त्यात झोप मोडलेली असेल, तर मन आणखी हळवे होते. २००७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एक रात्र जागवलेल्या निरोगी तरुणांना त्रासदायक चित्रे दाखवली, तेव्हा मेंदूतील भावनांशी निगडित 'अमिग्डाला' या भागाची प्रतिक्रिया पुरेशी झोप घेतलेल्यांपेक्षा सुमारे ६० टक्क्यांनी अधिक आढळली. मी त्या काळात जेमतेम चार-साडेचार तास झोपत होतो आणि रडण्याचा झोपेशी काही संबंध असेल, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हते.

आता विचारण्याविषयी. माझी पत्नी मला पाहून दर वेळी काळजीने विचारी, "काय झालं?" तिच्या मायेबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण उत्तर माझ्यापाशी नव्हते, आणि उत्तर नाही असे म्हणावे तर तिची काळजी वाढणार, म्हणून मी हाताशी येईल ते कारण देऊ लागलो. कधी डोके दुखते म्हणालो, कधी डोळ्यांत काही गेले म्हणालो आणि एके दिवशी म्हणालो, की मुलीची आठवण येते. ते खोटे नव्हते, पण पुरते खरेही नव्हते. ते वाक्य पत्नीकडून मुलीपर्यंत पोहोचले आणि त्या रात्री मुलीचा फोन आला, की बाबा, मी नोकरी सोडून परत येते. तेव्हा मी हादरलो. कारण मागितले की माणूस कारण देतो, आणि घाईने दिलेले कारण बहुतेक वेळा एखाद्या निर्दोष माणसाच्या माथी बसते. किती घरांत असे रडणे सुनेच्या, मुलाच्या, नव्या नोकरीच्या किंवा नव्या घराच्या नावावर टाकले जात असेल आणि त्यावरून नको ते निर्णय घेतले जात असतील!

रडताना माणसाला "आधी शांत हो" असे सांगण्याचाही फार उपयोग होत नाही. अश्रुग्रंथी स्वायत्त मज्जासंस्थेच्या आज्ञेने चालतात, तिच्यावर आपल्या इच्छेचा थेट ताबा नसतो. श्वासावर मात्र थोडा ताबा असतो. श्वास सोडण्याचा वेळ श्वास घेण्यापेक्षा लांबवणे, पाण्याचा एक घोट घेणे, तोंडावर गार पाणी मारणे, यांनी चारचौघांत निभावून नेण्यापुरता धीर येतो. एकांत असेल, तर मी आता रडू आवरत नाही. मात्र 'रडले की मोकळे वाटते' हे आपले वाक्यही जरा जपून वापरायला हवे. नेदरलँड्समधील टिलबर्ग विद्यापीठाचे अ‍ॅड विंगरहुट्स यांनी आयुष्याचा मोठा काळ मानवी रडण्याच्या अभ्यासाला दिला. त्यांच्या सहभागाने झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, करुण चित्रपट पाहून रडलेल्यांचे मन लगेच हलके झाले नाही, उलट ते अधिक खिन्न झाले; २० मिनिटांनी ते पूर्ववत झाले आणि ९० मिनिटांनी आधीपेक्षाही बरे झाले. रडणाऱ्याला बरे वाटते की नाही, हे जवळ कोण आहे आणि ते कसे वागते यावरही अवलंबून असते, असे या क्षेत्रातील अभ्यासांतून दिसते. बँकेतल्या त्या बाईंनी मला वेळ दिला आणि कारण मागितले नाही, त्यामुळे खोटे बोलण्याची वेळ माझ्यावर आली नाही.

पुरुषांच्या बाबतीत यात आणखी एक गाठ असते. "बायकांसारखा रडतोस काय" हे लहानपणी ऐकलेले वाक्य ५८ व्या वर्षीही कानात असते, आणि त्यामुळे आधी रडण्याची लाज, मग ती लाज लपवण्यासाठी चिडचिड, असे चालते. माझ्या घरात रडण्यापेक्षा माझ्या चिडण्याचा त्रास अधिक झाला, हे मी कबूल करतो.

शेवटी मी डॉक्टरांकडे गेलो, तो मुलीच्या फोनच्या धक्क्याने. त्यांनी थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ जीवनसत्त्व यांच्या तपासण्या करायला सांगितल्या, कारण यांतील बिघाडानेही मन असे हळवे होऊ शकते. चालू असलेल्या औषधांची यादी पाहिली, झोपेविषयी विचारले आणि जगणे नकोसे वाटते का, हेही सरळ विचारले. त्या शेवटच्या प्रश्नाचा मला राग येईल असे वाटले होते, प्रत्यक्षात कोणीतरी ते विचारले याचे बरे वाटले. मोठ्या बदलानंतर तीन महिन्यांच्या आत सुरू होणारी अशी अवस्था रोजच्या जगण्यात अडथळा आणू लागली, तर तिला समायोजन विकार म्हणतात, त्याच्या वर्णनात रडू येणे हे लक्षण नावानिशी दिलेले आहे आणि ताण सरल्यावर साधारण सहा महिन्यांत ती निवळते, असे त्यांनी समजावले. पुढे मी समुपदेशकांकडे काही वेळा गेलो, झोपेची वेळ ठरवून घेतली आणि पत्नीला एकदाच नीट सांगितले, की कारण विचारू नकोस, जवळ बस. ती बसते.

घरी बसून वाट पाहू नये, अशा काही खुणा मात्र आहेत. दोन आठवडे जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ मन खिन्न राहिले किंवा कशातच गोडी वाटेनाशी झाली, भूक व झोप बिघडली, तर ते नैराश्य असू शकते. बाळंतिणीला पहिल्या काही दिवसांत रडू येणे पुष्कळदा आढळते आणि ते दोन आठवड्यांत ओसरते. त्यापुढे ते टिकले, तर 'होईल बरे' म्हणून तिला तसेच ठेवू नये. पक्षाघातानंतर किंवा मेंदूला इजा झाल्यानंतर मनात दुःख नसतानाही रडू किंवा हसू फुटून आवरता येत नसेल, तर तो मज्जासंस्थेचा वेगळा विकार असतो आणि त्यावर औषधे आहेत. मरणाचे विचार येत असतील, तर त्याच दिवशी मदत घ्यावी.

संपादक महोदय, निवृत्त होताना मला माझ्या कार्यालयाने चाळीस पानांची एक पुस्तिका दिली होती. तीत निवृत्तिवेतनाचे नियम होते, अर्जांचे नमुने होते, विम्याची मुदत होती. निवृत्तांना, बदली झालेल्यांना, प्रसूतीनंतर घरी जाणाऱ्या मातांना आणि वसतिगृहात पहिल्यांदा राहायला येणाऱ्या मुलांना जे कागद हाती दिले जातात, त्यांत दोन वाक्ये वाढवण्याची विनंती आपल्या वृत्तपत्राने संबंधितांना करावी, असे मला वाटते. पहिले, की येत्या काही आठवड्यांत आपल्याला कारण न कळता रडू येऊ शकते. दुसरे, की ते दोन आठवडे रोज येत राहिले तर अमुक ठिकाणी भेटावे, आणि त्या ठिकाणाचा दूरध्वनी क्रमांक.

आपला विश्वासू,
एक निवृत्त वाचक