केमोच्या बिलाआधी केसपेपर वाचा

महोदय,

घोडबंदर रोडपासून खारघरपर्यंत केमोथेरपीच्या सोयी वाढल्या, त्यामुळे प्रत्येकाला परळ गाठावे लागत नाही. विम्याचे कागद मात्र अजूनही नातलगांनाच निस्तरावे लागतात. कर्करुग्णांचे बरेच दावे अडकतात ते उपचाराच्या पहिल्या आठवड्यात कुणीतरी घाईने लिहिलेल्या एका ओळीपायी.

ती ओळ म्हणजे त्रास कधीपासून आहे याची नोंद. पॉलिसी दीड वर्षाची आणि केसपेपरवर ‘गाठ दोन वर्षांपासून’ असे असेल, तर कंपनी आजार आधीचाच ठरवते. खोटे लिहून घेऊ नये. पण अंदाजाने सांगितलेला काळ चुकीचा लिहिला गेला असेल, तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून कारणासह दुरुस्तीचे पत्र लगेच घ्यावे. दावा नाकारल्यानंतर आणलेल्या पत्राकडे संशयानेच पाहिले जाते. पॉलिसी सलग ६० महिने चालू असेल, तर सिद्ध झालेली फसवणूक वगळता माहिती लपवल्याच्या कारणाने दावा नाकारता येत नाही.

दुसरी अडचण केमोची. शिरेतून दिलेल्या केमोला २४ तास दाखल असण्याची अट नाही, ती डे-केअरमध्ये, म्हणजे रात्रभर न राहता घेतलेल्या रुग्णालयीन उपचारात मोडते. पण डिस्चार्ज समरीऐवजी नुसती ओपीडीची पावती हाती आली, की दावा परत येतो. प्रत्येक वेळच्या समरीत औषधाचे नाव, मात्रा, कितवी सायकल (केमोची फेरी) आणि औषध कसे दिले हे आलेच पाहिजे. दोन सायकलींच्या मधल्या रक्ततपासण्या, उलटीची औषधे, रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढवणारी इंजेक्शने यांची बिले लोक फेकून देतात. सायकली २१ दिवसांच्या असतील, तर हा खर्च आधीच्या डे-केअरनंतरच्या ६० किंवा ९० दिवसांत बसतो (पॉलिसीत किती दिवस दिले आहेत ते पाहावे). बिलासोबत त्या तारखेची चिठ्ठी आणि तपासणीचा अहवाल हवा. निदानासाठी केलेला पेट-स्कॅनही दाखल होण्यापूर्वीच्या ३० किंवा ६० दिवसांत असेल, तर मागता येतो.

तोंडावाटे घ्यायची केमो आणि इम्युनोथेरपीची (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाशी लढायला लावणारी) इंजेक्शने विम्यातून सरसकट वगळता येत नाहीत. मर्यादा मात्र घालता येते. पाच लाखांच्या पॉलिसीत या उपचाराला किती रक्कम आहे, हे पहिल्या डोसआधी लेखी विचारावे. पॉलिसीच्या मर्यादेपेक्षा महागडी खोली घेतल्यामुळे बिलाला त्या प्रमाणात कात्री लागली, तरी ती औषधे, तपासण्या आणि इम्प्लांटच्या रकमेला लावता येत नाही. केमोच्या बिलात औषधाचाच वाटा मोठा असतो, म्हणून कपातीचा तक्ता मागून एकेक ओळ तपासावी.

विमा तोकडा वाटला, तर महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेचा विचार सुरुवातीलाच करावा. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आहे, पण फक्त योजनेतल्या रुग्णालयात, ठरलेल्या उपचारांसाठी आणि पूर्वमंजुरीनंतर. आधी खिशातून भरलेले बिल योजना परत देत नाही. खासगी रुग्णालयात चार सायकली झाल्यावर आरोग्यमित्राकडे (रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनिसाकडे) जाणाऱ्यांची निराशा होते ती इथे. रेशनकार्ड आणि आधारवरील नावांत फरक असेल, तर तो आधी मिटवावा. योजनेतले रुग्णालय जवळ कुठे आहे, हे १५५३८८ वर कळते.

नूतनीकरणाची तारीख चुकवू नये. दावे केले म्हणून कंपनीला नूतनीकरण नाकारता येत नाही, पण खंडित झालेल्या पॉलिसीऐवजी निदानानंतर नवी मिळणे फार अवघड. नोकरीच्या ठिकाणच्या सामूहिक विम्यावर असलेल्यांनी नोकरी सोडण्यापूर्वीच वैयक्तिक पॉलिसीत बदलून घेण्याचा अर्ज करावा.

दावा नाकारल्यास कोणत्या कलमाखाली नाकारला, हे लेखी घ्यावे. मग कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे जावे. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे तक्रार करता येते. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतची प्रकरणे चालतात. ठाणे आणि नवी मुंबईकरांसाठी हे कार्यालय आता ठाणे पश्चिमेलाच, जीवन चिंतामणी इमारतीत आहे. केमो देणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाने निदान एवढा पत्ता तरी बिलिंगच्या खिडकीवर लावावा.

– कर्करुग्णांना विम्याच्या कामात साहाय्य करणारे स्वयंसेवक, ठाणे