गुण नंतर, आधी चूक दाखवा

मा. संपादक,

चाचणी आज, गुण पंधरा दिवसांनी आणि उत्तरपत्रिका कपाटात, ही पद्धत सीमाभागातल्या मराठी शाळांनी मोडावी. अंदाज सपशेल चुकला की जुनी आठवण दुरुस्तीला तयार होते. पण योग्य उत्तर तिथल्या तिथे मिळायला हवं. पंधरा दिवसांनी आपण काय लिहिलं होतं हेच मुलांना आठवत नाही, मग धक्का कसला बसणार?

कन्नडचा तास घ्या. 'अवसर' म्हणजे तिकडे घाई. आपली मुलं बेधडक 'संधी' किंवा 'सवड' लिहितात. 'अनुमान' आपल्याकडे तर्क, तिकडे संशय. 'उपन्यास' तर हिंदीच्या तासाला कादंबरी आणि कन्नडच्या तासाला व्याख्यान!

असे दहाच शब्द घ्यावेत. अर्थ झाकून अंदाज वहीत लिहून घ्यावा. तोंडी नको, कारण मग 'मला तेच म्हणायचं होतं' अशी पळवाट राहते. शेजारी खात्रीचा आकडा, 1 ते 3 (3 म्हणजे पक्की खात्री). लगेच अर्थ उघडावा. 3 लिहूनही चुकलेल्या शब्दाला लाल गोल. बटरफील्ड आणि मेटकाफ या मानसशास्त्रज्ञांनी 2001 मध्ये दाखवलं, की योग्य उत्तर कळल्यावर छातीठोकपणे केलेल्या चुकाच अधिक सुधारतात. मात्र आठवडाभरात योग्य उत्तर विसरलं, तर तीच जुनी चूक पुन्हा डोकं वर काढते. म्हणून लाल गोलातले शब्द दुसऱ्या दिवशी आणि आठव्या दिवशी परत विचारावेत. ज्या शब्दाचा मुलाला गंधही नाही, त्यावर अंदाज बांधायला लावू नये. तिथे अपेक्षाच नसते.

आणखी एक खड्डा आहे. सिंक्लेअर आणि बॅरेन्स या संशोधकांनी 2018 मधल्या प्रयोगात आधी पाहिलेले व्हिडिओ पुन्हा दाखवताना काही ऐन शेवटाआधी तोडले, म्हणजे पाहणाऱ्यांचा अंदाज चुकवला. त्यानंतर दाखवलेल्या मिळत्याजुळत्या व्हिडिओंचे तपशील या तोडलेल्या व्हिडिओंच्या आठवणीत जास्त मिसळले. तेव्हा 'अवसर' चुकल्याबरोबर 'अवकाश' शिकवायला घेऊ नये. कन्नडमध्ये संधीला 'अवकाश' म्हणतात, दोन्हींची खिचडी व्हायला वेळ लागत नाही. मधे एखादा गणिताचा तास जाऊ द्यावा.

एसएसएलसीच्या (कर्नाटकातल्या दहावीच्या) सराव परीक्षांना निदान एवढं करता येईल: पेपर गोळा झाला की घंटा होण्याआधी नमुना उत्तरं फळ्यावर लिहावीत. तपासणी सावकाश झाली तरी चालेल.

– एक वाचक, खानापूर (जि. बेळगाव)