रात्रीचं विमान, भरलेला लाउंज

प्रिय मंदार,

आई-बाबांना घेऊन जर्मनीला निघतो आहेस हे वाचून फार आनंद झाला. मुंबईत विमानाआधी त्यांना विमानतळावरच्या लाउंजमध्ये, म्हणजे खाण्यापिण्याची सोय असलेल्या आरामकक्षात, बसवावं का, असं विचारलंयस. जरूर बसव, पण आधी वेळेचा हिशोब मांड. तो उलटा, म्हणजे विमान सुटण्यापासून मागे मांडायचा.

समजा, फ्रँकफुर्टचं विमान रात्री 2:45 ला आहे. गेट साधारण वीस मिनिटं आधी बंद होतं आणि बोर्डिंग पावणेदोनच्या सुमारास सुरू होतं. व्हीलचेअरवाल्यांना सगळ्यांत आधी आत घेतात, त्यामुळे बाबांना त्याच वेळी गेटवर हजर असायला हवं. टी-टूची, म्हणजे मुंबईच्या दोन नंबरच्या टर्मिनलची, गेटं लांबलचक पसरली आहेत, वयस्कर माणसांबरोबर चालायला पंधरा-वीस मिनिटं धर. म्हणजे लाउंजमधून 1:25 ला उठायचं.

आता दुसऱ्या टोकाकडून बघ. बहुतेक विमान कंपन्यांचे चेक-इन काउंटर तीन तास आधी उघडतात, म्हणजे 11:45. बॅगा देईपर्यंत सव्वाबारा. इमिग्रेशन आणि सिक्युरिटी मिळून पाऊण तास, म्हणजे एक वाजला. लाउंजच्या दाराशी रांग असतेच, आत पाऊल पडायला 1:20. पाच मिनिटांसाठी हा सगळा खटाटोप कशाला? तुझ्या विमान कंपनीचा काउंटर चार तास आधी उघडत असेल तर मात्र पुरता तासभर हाती लागतो. म्हणून पहिलं काम म्हणजे काउंटरची वेळ विचारून घे. वेब चेक-इन करून ठेव, म्हणजे फक्त बॅगा द्यायच्या राहतील. इमिग्रेशनला वेळ वाचवायचा तर एफटीआय-टीटीपी ही सरकारची फास्ट ट्रॅकची सोय आहे; आधी नोंदणी केलेल्यांना तिथे वेगळ्या दाराने झटपट जाता येतं. मुंबईत ती जानेवारी 2025 पासून चालू आहे, भारतीय नागरिकांना फुकट आहे आणि नोंदणी पाच वर्षं किंवा पासपोर्टची मुदत संपेपर्यंत चालते. पण अर्ज ऑनलाइन करून नंतर बोटांचे ठसे आणि फोटो द्यावे लागतात, तेव्हा हे महिनाभर आधी उरकायला हवं. आणि तिघांचीही नोंदणी असेल तरच उपयोग, नाहीतर तू पुढे जाऊन त्यांची वाट बघत उभा राहशील.

गर्दी नेमकी रात्रीच का, तर युरोपची विमानं तिथे सकाळी उतरून प्रवाशांना पुढची विमानं मिळावीत अशी बेतलेली असतात. फ्रँकफुर्टला तर रात्री 11 ते पहाटे 5 नियमित उड्डाणं आणि उतरणं बंदच असतं. त्यात आखाताकडची विमानंही पहाटेच्या सुमारास सुटतात. त्यामुळे साधारण 11 ते 3 या वेळात सगळा टर्मिनल एकाच लाउंजच्या दारात लोटलाय असं वाटतं. जागा नसली तर आत घ्यायचं नाही हा अधिकार लाउंजवाल्यांनी नियमांतच राखून ठेवलेला असतो. वाद घालून काही हाती लागत नाही. किती वेळ लागेल ते शांतपणे विचार, आणि वीस मिनिटांपेक्षा जास्त सांगितलं तर सरळ गेटकडे चल.

ज्या क्रेडिट किंवा डेबिट कार्डावर लाउंजमध्ये मोफत जाता येतं, त्या कार्डाचं मात्र घरीच बघून ठेव, खरी फजिती तिथेच होते. लाउंजच्या काउंटरवरची मुलगी बोर्डिंग पास आणि कार्ड मागते, दोन्हींवरचं नाव ताडून बघते, कार्ड मशिनमध्ये घालते. पुष्कळ कार्डांवर त्यासाठी दोन रुपये कापले जातात. बँकेकडून होकार आला की चिठ्ठी निघते. नकार आला तर कारण बहुधा ठरलेलं असतं: मागच्या तिमाहीत बँकेने घातलेली खर्चाची अट पुरी झालेली नाही, किंवा मोफत फेऱ्या संपल्यात, किंवा कार्डावरची सोय फक्त देशांतर्गत लाउंजपुरती आहे. हे तिसरं कारण लोकांना दारातच कळतं, म्हणून मुद्दाम सांगतो. प्रायॉरिटी पासचं, म्हणजे जगभरच्या लाउंजमध्ये चालणाऱ्या सदस्यत्वाच्या कार्डाचं, तसंच. आपल्या बँकांनी दिलेला पास बरेचदा परदेशात मोफत असतो, पण भारतात वापरला की माणशी साधारण 27 डॉलर आणि वर 18 टक्के जीएसटी पुढच्या बिलात लागतो. तुझी फेरी मोफत असली तरी आई-बाबा पाहुणे धरले जातात. दोघांचे मिळून पाच-सहा हजार रुपये जातील, एवढ्यात घरी किती चांगलं जेवण होईल!

परतीला फ्रँकफुर्टच्या लाउंजमध्ये जायचं असेल तर कार्डाचा आंतरराष्ट्रीय वापर ॲपमधून चालू करून ठेव. रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या नियमानंतर नवी कार्डं तो बंद ठेवूनच देतात.

जागा मिळाली तर आधी बसायची सोय बघ, जेवण मागाहून. बुफेच्या रांगेपासून लांब, स्वच्छतागृहाजवळ आणि प्लग असलेली जागा धर, आईला तिथे बसव आणि तू ताटं घेऊन ये. रात्री बाराला भांडी भराभर रिकामी होतात. तासभर उघडं पडलेलं काही घेण्यापेक्षा नुकतं भरून आणलेलं वाफाळतं भांडं बघून घे. डाळभात, दही, इडली एवढंच पोटाला बरं. बाबांना मधुमेह आहे म्हणून हे विशेष: विमानातलं जेवण उड्डाणानंतर तास-दीड तासाने येतं, म्हणजे पहाटे चारच्या पुढे. त्याच्या भरवशावर त्यांना ठेवू नकोस. त्यांनी घरून निघतानाच पोटभर जेवावं, आणि इन्सुलिन व डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्याच बॅगेत असू दे. दशम्या किंवा धपाटे डब्यात चालतील, सिक्युरिटीला कोरड्या खाण्याची अडचण येत नाही. पेढे आणि तूप मात्र नकोच, युरोपीय संघात दुधाचे पदार्थ प्रवाशांना आणू देत नाहीत.

व्हीलचेअर विमान कंपनीकडे 48 तास आधी नोंदव. मदतनीस लाउंजमध्ये तासभर थांबत नाही, त्याला दुसरेही प्रवासी असतात. बाबांना सोडतानाच परत यायची वेळ ठरव, त्याचा नंबर घे, आणि लाउंजच्या काउंटरवरही सांगून ठेव.

शेवटचं म्हणजे, टी-टूवर बोर्डिंगच्या घोषणा होतील असं धरूनच चालू नकोस. फोनवर 1:25 चा गजर लाव आणि गेट बदललंय का ते पडद्यावर दर पंधरा मिनिटांनी बघ. पॉवर बँक चेक-इनच्या बॅगेत टाकू नकोस, आणि फोन लाउंजमध्येच पूर्ण चार्ज करून घे, कारण काही कंपन्या आता विमानात पॉवर बँक वापरू देत नाहीत.

काउंटर तीन तास आधी उघडतो असं कळलं तर लाउंजचा नाद सोड. गेटजवळच्या खुर्च्यांवर आईला पाय पसरून बसता येईल, आणि पाण्याची बाटली भरायला नळ जवळच असतो. विमानाचा नंबर आणि तारीख कळव.

तुझा,
सुहास