दशावतारी कुठल्या कॉलेजात गेले होते?

तीर्थरूप आई-बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

बाबांच्या प्रश्नाचे उत्तर फोनवर देण्याजोगे नव्हते, म्हणून हे पत्र. आपल्याकडे कोकणात जत्रांतून रात्रभर नाटक करणारे दशावतारी नट कुठल्या कॉलेजात गेले होते, मग बी.एस्सी. झालेल्या मुलीने मुंबई विद्यापीठात आणखी दोन वर्षे नाटक कशाला शिकायचे, असे बाबा म्हणाले. प्रश्न रास्त आहे.

दशावतारी नटही शिकूनच उभा राहतो. त्याची शाळा म्हणजे त्याची कंपनी. लिखित संहिता नाही, तोंडाला रंग लावता लावता आख्यान ठरते, आणि तरीही पहाटेपर्यंत कोणाचे संवाद अडत नाहीत, यामागे जत्रेमागून जत्रा थोरांच्या शेजारी उभे राहून केलेली उमेदवारी असते. परंतु तिथे परंपरेने स्त्रीपात्रेही पुरुषच रंगवतात. ती शाळा मला मिळणार नव्हती, आणि मिळाली असती तरी बाबांनी मला रात्रभर गावोगाव फिरू दिले असते का, हे मी विचारत नाही.

आमच्या नाट्यशास्त्राच्या वर्गात सकाळ शरीराच्या आणि आवाजाच्या व्यायामात जाते. जमिनीवर उताणे पडायचे, एक हात पोटावर ठेवायचा आणि खांदे न उचलता श्वास खाली उतरतो का ते पाहायचे. मग त्याच श्वासावर आधी नुसता हुंकार, नंतर स्वर आणि शेवटी एक पूर्ण वाक्य. ओरडून मागच्या रांगेपर्यंत पोहोचणारा नट तिसऱ्या अंकात बसलेल्या घशाने बोलतो, आणि व्यावसायिक रंगभूमीवर एका दिवशी दोन प्रयोगही लागतात. माझा मालवणी हेल काढून टाकायला कोणी सांगितलेले नाही. तो भूमिकेला हवा तेव्हा यावा आणि नको तेव्हा बाजूला ठेवता यावा, एवढीच अपेक्षा आहे.

गेल्या आठवड्यात मला पाण्याचा तांब्या घेऊन रंगमंचावर यायचे होते, वाक्य एकही नव्हते. सरांनी पुन्हा पुन्हा परत पाठवले. कोणासाठी पाणी आणले आहे, तो माणूस आवडतो की नाही, आतल्या खोलीत काय टाकून आलीस, हे ठरल्यावर माझी चाल आपोआप बदलली. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात सांगितलेले आंगिक (शरीराचा), वाचिक (वाणीचा), आहार्य (वेशभूषा-रंगभूषेचा) आणि सात्त्विक (मनातल्या भावाचा) असे अभिनयाचे चार प्रकार मी परीक्षेपुरते पाठ केले होते. त्यांतला चौथा प्रकार हातून किती सहज निसटतो, ते त्या तांब्याने दाखवले.

दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय 1959 साली स्थापन झाले. तिथला अभ्यासक्रम तीन वर्षांचा असून पदवीबरोबर नाटकाचा अनुभवही मागतात. पुढे तिथे प्रयत्न करावा असे मनात आहे, पण आत्ता त्याची घाई नाही. मराठीत उभे राहायचे तर मराठी नाटकाच्या जवळ असावे, असे मला वाटते.

आता पैशांचे. नटाला पगार नसतो, प्रयोगागणिक 'नाइट' मिळते. प्रयोग नाही तर नाइट नाही, आणि नामवंतांखेरीज इतरांचे घर केवळ त्यावर चालणे कठीण. शिक्षणाने काम मिळेलच अशी खात्री मी देणार नाही, तशी कोणी दिली तर विश्वासही ठेवू नये. पण आवाज, शरीर आणि नेपथ्य-प्रकाशयोजनेची समज असलेल्या माणसाला शाळांतली नाट्यशिबिरे घेता येतात, शिवाय प्राध्यापकपदाच्या पात्रतेसाठी असलेल्या 'नेट' परीक्षेत नाट्य हा विषय असल्यामुळे प्राध्यापकीचा मार्गही मोकळा राहतो. आईला हे शेवटचे वाक्य बरे वाटेल, ते तिला दोनदा वाचून दाखवावे.

सत्राच्या शेवटी आमच्या वर्गाचा प्रयोग आहे. बाबांनी पुढे न बसता अगदी मागच्या रांगेत बसावे आणि माझे कोणते शब्द ऐकू आले नाहीत ते कागदावर लिहून द्यावेत. कुडाळहून तुतारी एक्स्प्रेसची दोन तिकिटे काढू का, ते कळवावे, कारण आंब्याच्या दिवसांत आरक्षण लवकर भरते.

तुमची,
सुमी