ताप उतरला आणि तुम्ही घाबरलात

सिस्टर,

वाड्यावर सगळे तुम्हाला याच नावाने हाक मारतात, म्हणून मीही तेच लिहिते.

श्रावणातली ती रात्र आठवते? गोव्यातलं आमचं साखळी गाव पावसाने झोडपलेलं, लाइट गेलेली, आणि पाच वर्षांचा आमचा मुलगा १०३ तापाने फणफणलेला. मी फ्रीजमधल्या पाण्याच्या घड्या कपाळावर ठेवत होते आणि वरून दोन गोधड्याही घातल्या होत्या. आता हसू येतं. तुम्ही आलात, गोधड्या काढल्यात आणि म्हणालात, “अगो, गार पाण्याने कुडकुडला तर अंग आणखी तापेल.”

मग तुम्ही वय नव्हे, वजन विचारलंत. सोळा किलो. टॉर्चच्या उजेडात बाटलीवरची बारीक अक्षरं वाचलीत: ५ मिलीत २५० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल. किलोला १५ मिलिग्रॅमच्या हिशेबाने पाच मिलीला किंचित कमी. मी दिवसभर आमटीच्या चमच्याने अंदाजपंचे पाजत होते! तुम्ही बिनसुईच्या सिरिंजने मोजून दिलंत आणि कॅलेंडरवर वेळ लिहिलीत. पुढचा डोस सहा तासांनी, दिवसात चारांहून जास्त नाही. ताप शंभरावर आला तरी मी थर्मामीटर सोडीना, तेव्हा तुमचं ते वाक्य: “आकडा कसला बघतेस, पोर पाणी पितंय का बघ.”

दुसऱ्या दिवशी अंगदुखीवर कुणीतरी आणून दिलेली आयबुप्रोफेनची गोळी तुम्ही माझ्या हातातून काढून घेतलीत. डेंग्यूचा संशय असताना ती नको, ॲस्पिरिनही नको, रक्तस्रावाची भीती असते. रक्त तपासायला तुम्हीच पाठवलंत. डेंग्यूच निघाला.

पण हे पत्र लिहायला बसले ती चौथ्या दिवसासाठी. सकाळी अंग गार. सासूबाई “जोर देंवलो”, ताप उतरला, म्हणत देवापुढे दिवा लावून आल्या, मी पेज टाकली. ड्यूटीवर जाताना तुम्ही डोकावलात. घरात आनंदीआनंद, आणि तुमचा चेहरा मात्र उतरलेला. “शू कधी केली याने?”

कुणालाच सांगता येईना. आदल्या रात्रीपासून केलीच नव्हती. पोट दुखतं म्हणत होता, दोनदा ओकला होता, तळवे थंडगार. आम्ही समजत होतो, अशक्तपणा असेल. डेंग्यूत ताप उतरतो त्याच सुमाराला रक्तवाहिन्यांतलं पाणी बाहेर पाझरू लागतं, तेच दिवस जपायचे, हे तुम्ही १०८ ला फोन लावता लावता सांगितलंत. बांबोळीच्या सरकारी इस्पितळात तीन दिवस सलाइन चाललं. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, वेळेवर कुणी पाठवलं? मी तुमचं नाव सांगितलं, आणि तेव्हा कुठे रडू आलं.

आता तो अंगणात मातीत लोळतोय. तुमची सिरिंज आणि थर्मामीटर अजून आमच्याच कपाटात आहेत. चवथीला गणपतीवर बांधलेली फळाफुलांची माटोळी बघायला याल तेव्हा घेऊन जा. नेवऱ्या जास्तीच्या करीन.

तुमची,
वरच्या वाड्यावरची सून