गायकांचे वैर आणि चाहत्यांची फरफट

महोदय,

जमैकातील डान्सहॉल या लोकप्रिय संगीतप्रकारातील गायकांमधील वैर म्हणजे निव्वळ प्रसिद्धीचा फंडा, असे म्हणून हा विषय झटकून टाकणे मला पटत नाही. शाब्दिक जुगलबंदी हा या संगीताचा जुना आणि रंगतदार भाग आहे, हे मान्य. १९९३ च्या ‘स्टिंग’ मैफलीत बीनी मॅन व बाउंटी किलर समोरासमोर उभे राहिले, तेव्हा कोणाची ओळ अधिक झोंबली याचा निवाडा श्रोत्यांच्या आरोळ्यांनीच केला. मात्र २००३ मध्ये त्याच मंचावर व्हाइब्झ कार्टेल आणि निंजामॅन यांच्यात थेट हाणामारी झाली.

पुढे कार्टेलच्या चाहत्यांचा ‘गाझा’ आणि मवाडो या दुसऱ्या गायकाच्या चाहत्यांचा ‘गली’ असे तट पडले आणि गायकांची भांडणे चाहत्यांच्या अंगावर आली. भिंतींवर ही नावे रंगवली गेली, शाळकरी मुले त्यावरून एकमेकांशी भिडू लागली. ज्यांच्याशी आपली ओळखदेखील नाही, त्यांच्या मानापमानासाठी या मुलांनी मार खायचा, आणि त्याच वैरावर तिकिटे मात्र दुसऱ्याच कोणी विकायची! अखेर डिसेंबर २००९ मध्ये जमैकाचे तत्कालीन पंतप्रधान ब्रूस गोल्डिंग यांना कार्टेल व मवाडो या दोघांची भेट घ्यावी लागली. त्याच सुमारास दोघे एका मंचावर आलेही. गायकांचा समेट एका रात्रीत होऊ शकतो. वर्गातल्या बाकावर तुटलेली मैत्री तितक्या सहज जुळत नाही. अशा मैफलींचे आयोजक या जबाबदारीतून नेहमीच अलगद सुटतात, त्यांनाही जाब विचारला जावा.

– एक संगीतप्रेमी वाचक